तान्ह्याची सर्दी आणि घरातली राखण

तान्ह्या मुलाला सर्दी-पडसे झाले की महाराष्ट्रातल्या घरांत काय करत, हे ज्यांनी केले त्या बायकांनी फारसे लिहून ठेवलेले नाही. लिहिलेले सापडते ते वैद्यांच्या ग्रंथांत, सरकारी चौकशीच्या अहवालांत आणि अलीकडे डॉक्टरांच्या निबंधांत. या लिहिणाऱ्यांचे लक्ष मुख्यतः औषधावर होते, आणि म्हणून आजचा आपला वादही औषधांभोवतीच फिरतो. आजीच्या बटव्यात हजारो वर्षांचे शास्त्र साठले आहे असे एक जण म्हणतो, तो सगळा अडाणीपणा होता असे दुसरा म्हणतो, आणि दोघेही वेखंड, अडुळसा, ओवा, कापूर यांचीच नावे घेऊन भांडतात. जुनी साधने शेजारी शेजारी ठेवून वाचली तर चित्र वेगळे दिसते. औषधे दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत गेली; त्यांतली काही निरुपयोगी होती, काही घातकही. टिकून राहिले आणि मुलांच्या खरोखर कामी आले ते दुसरेच काही होते: मुलाला ऊब देणे, नाक चोंदल्यामुळे त्याला ओढता येत नसले तरी थोडे थोडे पाजत राहणे, रात्री आडवे न टाकता खांद्याशी धरून बसणे, आणि साधी सर्दी छातीत उतरली की ते वेळेवर ओळखणे. याला राखण म्हणावे. माझे म्हणणे असे की तान्ह्याच्या सर्दीचा आपल्याकडचा इतिहास हा या राखणीचा इतिहास आहे. आणि जिथे राखणीची जागा मुलाला गप्प करण्याने घेतली, तिथे औषध देशी होते की विलायती याने काहीच फरक पडला नाही.

सुरुवात ग्रंथांपासून करावी लागते, कारण परंपरेचा दाखला देणारे तिथेच बोट ठेवतात. सुश्रुताने मुलांचे तीन वर्ग केले आहेत: नुसत्या दुधावरचे, दूध आणि अन्न दोन्ही घेणारे, आणि अन्नावरचे. नुसत्या दुधावरच्या मुलाला सौम्य तेवढेच औषध, तेही दुधातुपातून, आणि त्याच्याबरोबर दूध पाजणारीलाही. मूल अन्न खाऊ लागले की मग औषध फक्त मुलाला. औषधाचा कल्क स्तनांना लावून मुलाला पाजावे, अशीही सूचना तिथे आहे. शार्ङ्गधराने मात्रा ठरवून दिली: एका महिन्याच्या मुलाला एक रत्ती, म्हणजे गुंजभर औषध, दूध-मध-साखर-तुपात चाटण करून, पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला एकेक रत्ती वाढवायची. वाग्भटाने तर वयाच्या मर्यादाच घातल्या. सात वर्षांच्या आत नस्य, म्हणजे नाकातून औषध, देऊ नये, पाचाच्या आत कवल, म्हणजे औषधी गुळणी नको, दहाच्या आत वांती-जुलाबाचे शोधन नको, आणि औषधी धूम अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नको. ही वचने एकत्र वाचली की लक्षात येते, मुलांच्या बाबतीत शास्त्राचा जोर हात आखडता घेण्यावर आहे. परंपरेच्या नावाने तान्ह्याच्या नाकात चमचा-चमचा तेल सोडणाऱ्याला वाग्भटाचा आधार मिळत नाही. प्रतिमर्श नावाचे अगदी अल्प मात्रेचे नस्य त्याने जन्मापासून मरणापर्यंत चालते असे म्हटले आहे, आणि नस्याचे समर्थक तेच वचन पुढे करतात; पण त्यात अभिप्रेत असलेली मात्रा थेंबाची आहे, नाक तेलाने भरण्याची नाही. शिवाय हे ग्रंथ सर्वसाधारण मराठी घरात पोचले तेही बऱ्याच उशिरा. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादलेले अष्टांगहृदय निर्णयसागरने १८८० मध्ये छापले, त्यानंतर गणेश कृष्ण गर्दे यांचा सार्थ वाग्भट आला, आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ने वनस्पतींचे गुण मराठीत घरोघर नेले. ज्याला आपण अनादि घरगुती ज्ञान समजतो, त्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापखान्याने घरात आणून दिलेला आहे.

पण सगळाच नाही. बाळगुटी ही गोष्ट पोथीवर अवलंबून नव्हती, आणि तिच्याकडे नीट पाहिले तर घरातल्या बायकांनी औषधाची मात्रा कशी सांभाळली हे कळते. हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा, काकडशिंगी, अतिविष, नागरमोथा, डिकेमाली, सागरगोटा, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. गावागावाची यादी थोडी निराळी, पण रीत एकच: सहाणेवर आईचे दूध किंवा उकळून निवलेले पाणी घ्यायचे आणि प्रत्येक मुळी त्यात मोजून फिरवायची. पहिल्या महिन्यात एकच वेढा, मग मुलाच्या वयाप्रमाणे आणि प्रकृतीप्रमाणे कमी-जास्त. सर्दी असेल तर सुंठ-वेखंडाचा वेढा वाढवायचा, जुलाब होत असतील तर जायफळ-मुरुडशेंगेचा. वाळलेले कठीण मूळ गुळगुळीत दगडावर एकदा फिरवले तर किती झिजणार? अगदी नखभर. शार्ङ्गधराने रत्तीत सांगितलेली मर्यादा इथे दगडाने घालून दिली होती, आणि हात कितीही उतावळा असला तरी ती ओलांडणे कठीण होते. वैद्यकाच्या इतिहासात या साध्या गोष्टीला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही. गुटीचे गुण-अवगुण काहीही असोत, तिच्या निमित्ताने रोज सकाळी घरातली एक अनुभवी बाई मूल मांडीवर घेऊन त्याची जीभ, त्याचे पोट, त्याच्या शीचा रंग आणि त्याचा श्वास पाहत होती. एखादे दिवशी त्याने गुटी ओढली नाही, चाटली नाही, तर त्या घरात ती बातमी होती.

गुटीवर आज घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण सहाणेतून, पाण्यातून आणि बोटांतून जंतू पोटात जातात. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, कारण त्यातल्या बोटुलिनमच्या बीजाणूंनी अर्भकाला लुळेपणा येऊ शकतो. हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला, आणि शार्ङ्गधराच्या चाटणातला मध तेव्हापासून तान्ह्यांपुरता बाद ठरला. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे उंदरांना कर्करोग झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. गुटीची पावडर पुडीत मिळू लागली, तयार गुटी बाटलीत आली, तेव्हा दगडाची मर्यादा गेली आणि मांडीवरची तपासणीही गेली. राहिले ते फक्त औषध, म्हणजे गुटीतला सर्वांत शंकास्पद भाग.

घरच्या उपचारांत काही स्पष्टपणे अपायकारक होते, आणि राखणीची बाजू घेणाऱ्याने त्यांवर पांघरूण घालू नये. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीपाठीला शेक देणे, लसूण कडकडवलेले तेल कोमट झाल्यावर चोळणे, एरंडेल लावून गरम केलेले विड्याचे पान छातीवर ठेवणे, हे हाताला चटका न बसेल इतपत असले तर मुलाला सुखावणारेच होते. धुरीची गोष्ट वेगळी. बाजेखाली शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची साले, आणि खोलीची दारे-खिडक्या बंद. अठराच्या आत औषधी धूम नको म्हणणारा वाग्भट धूम ओढण्याबद्दल बोलत होता, खोलीतल्या धुरीबद्दल नव्हे, हे खरे. पण आधीच चुलीच्या धुरात वाढणाऱ्या तान्ह्याच्या चोंदलेल्या श्वासनलिकेला आणखी धूर देणे कोणत्याच विचाराने बसत नाही. तेल नाकात सोडण्याचा धोका तर उशिरा कळला. तेलाने मुलाला लगेच ठसका लागत नाही, म्हणून ते गुपचूप फुफ्फुसात उतरते आणि तिथे सूज धरते. सर्वांत भयानक म्हणजे चटके. मूल धापा टाकू लागले, पोट उडू लागले की तापल्या लोखंडाने पोटाला डाग द्यायचा. मेळघाटात याला डंबा म्हणतात आणि त्याच्या बातम्या आजही येतात. पण या प्रथेचा अर्थ नीट लावला पाहिजे. चटका देणाऱ्यांनी न्यूमोनियाची खूण अचूक ओळखलेली असते: बरगड्यांखाली पडणारे खड्डे, वेगाने उडणारे पोट. त्यांचे पाहणे बरोबर असते, पण त्या क्षणी द्यायला त्यांच्याकडे लोखंडाखेरीज काही नसते. या फरकाकडे पुढे परत यावे लागेल.

परंपरा ज्या वासाने ओळखली जाते तो वासही फार जुना नाही. निलगिरीचे झाड ऑस्ट्रेलियातून आले आणि उटीच्या डोंगरात १८४३ मध्ये लावले गेले. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन सुरू केले ते १८९३ मध्ये मुंबईत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या लन्सफर्ड रिचर्डसन नावाच्या औषधविक्याने मुलांच्या घशाच्या आणि छातीच्या विकारांसाठी एक मलम केले. त्याचेच पुढे व्हिक्स व्हेपोरब झाले, आणि १९६४ मध्ये रिचर्डसन हिंदुस्थान या कंपनीच्या रूपाने त्याने इथे घर केले. आज त्याच्या भारतीय डबीवर आयुर्वेदिक औषध असे लिहिलेले असते, आणि घटकांत पुदिन्याचे फूल, कापूर, ओव्याचे फूल, निलगिरी, जायफळाचे तेल अशी नावे असतात. साठ वर्षांत ते आजीच्या हातातले झाले. यात गैर काही नाही. जुन्या ओव्याच्या शेकाशी त्याचे नाते जुळले म्हणून ते रुजले. पण त्याच्यावर ‘आमच्याकडे पूर्वापार’ असा शिक्का मारून ते तीन महिन्यांच्या मुलाच्या नाकाखाली लावले जाते, तेव्हा परंपरेचे नाव मुलाच्या विरुद्ध वापरले जाते. दोन वर्षांखालच्या मुलाला ते लावू नये, अशी सूचना त्यासोबतच असते. मोठ्या मुलांचे म्हणाल तर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, दोन ते अकरा वर्षांच्या १३८ मुलांपैकी ज्यांना असे मलम चोळले त्यांची आणि त्यांच्या आईबापांची रात्रीची झोप इतरांपेक्षा बरी झाली. सर्दी त्याने हटत नाही. रात्र सुसह्य होते. घरगुती उपचारांतल्या चांगल्या भागाचे वर्णन करायला याहून जास्त काही बोलायची गरज नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. घरची राखण एवढी मोलाची होती तर मुले एवढी मेली का? १९२१ मध्ये मुंबईत हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, कारण गिरणीतल्या कितीतरी बायका बाळंतपणाला गावी जात आणि तान्हे मूल घेऊन परत येत. जन्म कोकणात किंवा घाटावर, मृत्यू मुंबईत. तरी त्यातून कितीही वजा केले तरी उरते ते भयंकरच आहे. पण याच काळातला दुसरा पुरावा त्या आकड्याशेजारी ठेवला पाहिजे. मुंबई सरकारने कामगार स्त्रियांच्या परिस्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना नेमले होते. त्यांच्या अहवालाने सांगितले की कामगार स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती. ही बाळागोळी. ती दिली की मूल दिवसभर निजे. सर्दी-खोकला असला तर खोकलाही थांबे, कारण अफू खोकल्याची उबळ आणि श्वास दोन्ही मंदावते. ज्या मुलाने खोकून छाती मोकळी करायची, रडून भूक सांगायची, आणि दर दोन तासांनी अंगावर प्यायचे, ते गुंगीत पडून राही. संध्याकाळी आई परत येईपर्यंत साध्या सर्दीचे काय झाले हे सांगायला त्या खोलीत कोणी नसे.

या नोंदीचा उपयोग तेव्हाही आणि नंतरही बायकांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून केला गेला. तो मला मुळीच पटत नाही. १८९१ च्या कारखाना कायद्याने बाईचा दिवस अकरा तासांवर आणला, आणि ही तेव्हा सुधारणा मानली गेली. अकरा तास गिरणीत, वर जायचा-यायचा वेळ. चाळीतल्या एका खोलीत सासू किंवा नणंद असेल तर ठीक, नसेल तर मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. गावाकडे ज्या बाईने सहाणेवर एकेक वेढा मोजून दिला असता, तीच बाई इथे गोळी देत होती. बदलली होती ती तिच्या हातातली वेळ. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूतिभत्त्याच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. त्याच वर्षी परळला, गिरणगावाच्या मध्यात, बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय उघडले. मुलांच्या आरोग्याच्या इतिहासात रुग्णालयाची तारीख नेहमी लिहिली जाते, प्रसूतिभत्त्याची क्वचित. मला दुसरी तारीख पहिलीइतकीच बालवैद्यकाची वाटते, कारण तिने आईला मुलाजवळ बसण्याचे काही आठवडे दिले.

तरीही आक्षेप पुरता मिटत नाही. गावात राखण होती, आणि गावातही मुले मरत होती. हे किती आणि का, याचे सर्वांत काटेकोर उत्तर गडचिरोलीतून आले. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ५८ गावांत एक प्रयोग केला आणि शेजारची ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रयोगाच्या गावांत आईबापांना न्यूमोनियाची लक्षणे समजावली, आणि गावातल्याच आरोग्यसेवकांना व दाईंना तो ओळखून को-ट्रायमोक्साझोल द्यायला शिकवले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे साडेतेरा दगावत होती. प्रयोगाच्या गावांत उपचार मिळालेल्या ६१२ प्रसंगांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली, ०.८ वर आले. पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाचे मृत्यू हजारी १७.५ विरुद्ध ८.१, म्हणजे निम्म्याहून कमी झाले. मोजता न येणाऱ्या दाईंसाठी बंग दांपत्याने श्वास मोजण्याचे साधन केले होते: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या मुलाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. ही रेषा ओलांडली की ती साधी सर्दी नव्हे. जगभर हेच निकष वापरले जातात.

मुले प्रतिजैविकाने वाचली, राखणीने नव्हे, असे इथे कोणी म्हणेल. प्रतिजैविकाशिवाय ती वाचली नसती हे निःसंशय. तुलनेच्या गावांतही आया मुलांजवळ बसल्याच होत्या. पण प्रतिजैविके काही त्या वर्षी शोधली गेली नव्हती. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनत होते. तीस-पस्तीस वर्षे औषध देशात होते आणि मूल गावात होते. दोघांची भेट वेळेवर होत नव्हती, कारण सर्दीचा न्यूमोनिया कधी झाला हे ठरवायचा अधिकार डॉक्टरकडे, आणि डॉक्टर तालुक्याला. गडचिरोलीत हा अधिकार पुन्हा मुलाजवळ असलेल्या बाईकडे दिला गेला. मेळघाटातल्या चटका देणाऱ्याने जे पाहिले तेच दाईने पाहिले. फरक एवढाच की तिच्याकडे लोखंडाऐवजी गोळी होती, आणि डोळ्यांनी ताडलेले खरे की खोटे हे तपासायला मणी होते. घरगुती ज्ञानाची अशी कसोटी घेऊन त्याचा टिकणारा भाग वेगळा काढणारा प्रयोग महाराष्ट्रात झाला, याचा आपल्याला वाटतो त्यापेक्षा अधिक अभिमान वाटायला हवा.

नेमक्या त्याच दशकांत शहरे उलट्या दिशेने गेली. सर्दीवर प्रतिजैविक, खोकल्यावर सिरप. साध्या सर्दीमागे ऱ्हायनोव्हायरससारखे विषाणू असतात, ऱ्हायनोव्हायरस १९५६ मध्येच सापडला होता, आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. तरी ते लिहून दिले गेले आणि मागूनही घेतले गेले. खोकल्याच्या कितीतरी सिरपांत ब्रोमहेक्सिन असते. ते अडुळशातल्या व्हासिसिनवरून प्रयोगशाळेत घडवलेले आहे, म्हणजे ज्या घराने परसातला अडुळसा गावठी म्हणून टाकला त्याच घराने तो बाटलीतून परत आणला. तेही एक वेळ चालले असते. पण सिरपांची खरी लोकप्रियता त्यांतल्या गुंगी आणणाऱ्या घटकांवर होती. मूल झोपते, खोकत नाही, सकाळी आईबाप कामावर जाऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची अशी औषधे देऊ नयेत असे जाहीर केले. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांसाठी मनाई आली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. दोष कारखान्याचा आणि तपासणी यंत्रणेचा, आईबापांचा नव्हे. पण जे सिरप शुद्ध असते तरी लहान मुलांना लागत नव्हते, ते त्या घरांत पोचले कसे, हा प्रश्न उरतोच. त्याच ऑक्टोबरात केंद्र सरकारने डॉक्टरांना कळवले की दोन वर्षांखाली ही औषधे लिहू नयेत आणि पाच वर्षांपर्यंत सहसा देऊ नयेत. बाळागोळीनंतर शंभर वर्षांनी आपण पुन्हा त्याच जागी आलो होतो, आणि कारणही तेच होते: रात्र जागायला माणूस नाही.

आता गल्लीगल्लीत बालरोगतज्ज्ञ आहेत, डांग्या खोकला आणि घटसर्प लसीने मागे हटले, न्यूमोनियावरही लस आली, मग आईने किंवा आजीने श्वास मोजत बसायचे कशाला, असे एखादा डॉक्टर विचारू शकतो. उत्तर डॉक्टरांच्याच सल्ल्यात आहे. साध्या सर्दीच्या मुलासाठी आज ते जे सांगतात त्यात औषध जवळजवळ नाहीच: अंगावर पाजत राहा, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून ते मोकळे करा, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध, घरात धूर नको, आणि पिणे सुटले, श्वास वाढला, बरगड्यांखाली खड्डे पडले, ओठ निळसर दिसले की तडक घेऊन या. दोन महिन्यांच्या आतल्या मुलाला नुसता ताप आला तरी थांबू नका. हा सगळा भार घरावर आहे. दवाखाना दहा मिनिटे पाहतो. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे घरातल्या कोणीतरी पाहायची असतात. ते कोणीतरी बहुतेक वेळा बाईच असते ही वेगळी अन्यायाची गोष्ट आहे. राखण हा बाईचा स्वभाव नाही, शिकलेले काम आहे, आणि बापाला ते शिकता येत नाही असे गडचिरोलीत किंवा कुठेही सिद्ध झालेले नाही.

म्हणून आज महाराष्ट्रात हा प्रश्न कुठे सर्वांत तीव्र आहे, हे पाहायचे तर आजीच्या बटव्याकडे जाऊन उपयोग नाही. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. अशा जोडीला कोयता म्हणतात आणि उचल त्या जोडीवर मिळते, त्यामुळे बाईला मागे राहता येत नाही. तान्हे मूल बरोबर असते. सर्दीचे दिवस आणि तोडीचा हंगाम एकच: पहाटेच्या थंडीत फड गाठायचा, मूल कोपीत नाहीतर बांधावर, बहुधा मोठ्या भावंडाच्या हवाली. २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या मातृत्वलाभ कायद्याने २६ आठवड्यांची रजा आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे केले. साखर कारखाना या व्याख्येत बसतो. त्याच्यासाठी ऊस तोडणारी बाई मुकादमामार्फत येते, म्हणून ती त्याच्या हजेरीपटावर नसते आणि तिच्या मुलासाठी पाळणाघर कोणी बांधायचे हे ठरत नाही. आशा कार्यकर्त्या २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊन मूल पाहतात, पण त्यांची यादी मूळ गावची असते, आणि नोव्हेंबर ते मार्च ते मूल त्या गावात नसते.